फिरत्या पंखांचं बदक

प्रिय अण्णा,

जय भीम.

तुम्हाला पत्र लिहायची ही माझी पहिलीच वेळ. तुम्ही होतात तेव्हा गरजच कुठं पडली? विद्यानगरच्या आपल्या दोन खोल्या, तुम्ही पुढच्या खोलीत शिंकलात की मी मागच्या खोलीतून ओरडायचे, "हळू हो अण्णा, भिंत पडंल!" एवढ्याशा घरात कोण कुणाला पत्र लिहितं!

पण आज लिहायला बसलेय. येत्या रविवारी तुम्हाला जाऊन वर्ष होतंय. विहारात स्मृतिदिनाचा कार्यक्रम ठेवलाय. मागच्या आठवड्यात विहारातल्या शांतामावशी घरी आल्या, पदरानं घाम पुसत खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "सुजाता, तू लेक हाईस. अण्णांवर दोन शब्द तूच बोलायचे." मी हो म्हणून बसले, पण मला ते सोपं नाही. कारण त्याच विहारात, त्याच हॉलमध्ये, मी तुमच्याबद्दल एकदा बोललेली आहे. बारा वर्षं झाली त्याला. तेव्हा मला कुणी बोल म्हटलं नव्हतं, मीच उठले होते.

चार दिवस भाषण लिहायला बघतेय. दर वेळी सुरुवात तीच होते, 'माझे वडील अत्यंत कष्टाळू व प्रेमळ होते.' वाचलं की वाटतं, हे तर कुणाच्याही वडिलांना चालेल! यात तुम्ही कुठं आहात? तीन कागद फाडले. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "एवढं काय डोकं लावतीस? फिटर होते म्हण, खेळण्यांच्या कंपनीत होते म्हण, पोरीला शिकवलं म्हण. झालं."

खेळण्यांची कंपनी! त्या शब्दाशी येऊन माझा पेन अडला, अण्णा. गावाकडच्या, देगलूरच्या सगळ्या पाहुण्यांना आईनं वर्षानुवर्षं हेच सांगितलं. सोयरिकीला आलेल्यांना हेच सांगितलं. आता तुमच्या माघारीही हेच सांगायचं का? हे ठरत नाही तोवर मला भाषण जमायचं नाही. म्हणून ठरवलं, लोकांना सांगायच्या आधी तुम्हालाच सगळं सांगावं.

तर खेळण्यांपासूनच सुरू करते.

बालानगरच्या त्या शेडमध्ये तुम्ही लागलात तेव्हा मी चौथीत असेन. आधी मोटारींचे भाग व्हायचे तिथं, मग सेठनं बाहेरदेशची ऑर्डर घेतली. तुम्ही पहिलं बदक घरी आणलंत तो दिवस मला लख्ख आठवतो. डब्याच्या पिशवीतून प्लॅस्टिकचं बदक निघालं, खऱ्याएवढं. पोटात मोटर, दोन्ही बाजूंना पत्र्याचे पंख, खाली रोवायला लोखंडी दांडा. तुम्ही दांडा आईच्या तांदळाच्या डब्यात खुपसलात आणि बटण दाबलंत. पंख असे काही गरगरले की आईचा पदर उडाला आणि ती म्हणाली, "अगं बाई, हे पाखरू हाय का पंखा?"

"गार्डनचा आयटम हाय," तुम्ही ऐटीत म्हणालात. सुपरवायझरनं तुम्हाला तेच सांगितलं होतं. तिकडच्या श्रीमंत लोकांच्या बागेत तळी असतात, त्यात शोभेला ठेवतात. तुम्हाला ते पटलं. आपल्याकडं नाही का लोक नळाला मासा आणि दाराला मोर बसवत! ज्याला अंगण आहे तो त्यात काहीही ठेवील.

तुम्ही मला तेव्हाच पंखातली मेख दाखवलीत. वरून काळपट रंग, खालून पांढरा. सावकाश फिरवला तर दोन रंग दिसतात, जोरात फिरवला की नुसती उघडझाप होते, काळं-पांढरं, काळं-पांढरं. "लांबून बघितलं ना सुजे, की वाटतंय पाखरू पंख मारत खाली उतरायलंय," तुम्ही म्हणालात. मी गच्चीच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बघितलं. खरंच वाटत होतं! बापाला एवढं येतं म्हणून माझी छाती फुगली होती. दुसऱ्या दिवशी शाळेत मी सगळ्यांना सांगून आले की माझे अण्णा पक्षी बनवतात.

आणि तुमचा तो तोल साधायचा कारभार! दोन ब्लेडं उभी रोवायची, त्यांच्या धारेवर दांडी ठेवायची, दांडीला दोन पंख. जड पंख हळूच खाली जायचा. मग कानशीनं त्याची कड एवढीशी घासायची आणि पुन्हा ठेवायचा. घरी सुद्धा. रविवारी जेवण झालं की तुम्ही पंख घेऊन बसायचात आणि मी शेजारी. एक पंख गव्हाच्या दाण्याएवढा जरी जड राहिला तरी सगळं बदक थरथरतं, खडखड वाजतं आणि माल परत येतो, हे तुम्ही मला इतक्या वेळा सांगितलंत की मला झोपेत विचारलं तरी आलं असतं. शेवटी तुम्ही एक युक्ती काढलीत. पंखाचा बाहेरचा कोपरा तांदळाएवढा आत दुमडायचा, म्हणजे वाऱ्यानं पत्रा फडफडत नाही. सेठनं सगळ्या पंखांना तसाच कोपरा करायला सांगितला. पण तुमच्या हातची घडी वेगळीच दिसायची. मी शंभर पंखांतून ओळखली असती, आणि पुढं ओळखलीच.

आज कोठीच्या दवाखान्यात, लॅबमध्ये, मी दिवसभर रक्ताच्या नळ्या फिरवायच्या यंत्रात घालते ना, तेव्हा एक नळी ठेवली की बरोबर समोर तेवढ्याच वजनाची दुसरी ठेवावी लागते. नाहीतर यंत्र थरथरतं. कॉलेजात पहिल्याच दिवशी मॅडमनी हे शिकवलं तेव्हा बाकीच्या पोरी वहीत लिहून घेत होत्या आणि मी नुसतीच बसले होते. मॅडमनी विचारलं, "लिहीत का नाहीस?" मी म्हटलं, "आमच्या घरी येतं हे." सगळ्या हसल्या. पण माझ्या हाताखाली आजवर एकही नळी फुटलेली नाही अण्णा, आणि ते तुमचं शिकवणं आहे.

तळ्यावरचा दिवस आठवतो? मी दहावीत होते. पाण्यात दांडा नीट उभा राहतो का ते बघायला सेठनं तुम्हाला एक नग दिला होता. तुमच्या कंपनीतले ख्वाजाभाई स्कूटरवर बॅटरी घेऊन आले, आपण दोघं बसनं गेलो. थंडीची सकाळ होती, शहराबाहेरचं तळं, कडेला पाणकणीस. तुम्ही पँट गुडघ्यापर्यंत वर करून चिखलात शिरलात, बदक रोवलंत, बटण दाबलंत आणि आपण तिघं बाभळीखाली येऊन बसलो. डब्यातली आंबोळी अजून हातातच होती, एवढ्यात वरून थवा गेला. सात की आठ. लांब गेला, मग वळला! सगळ्यांनी पंख ताठ धरले, पाय खाली सोडले आणि छपाक छपाक करत तुमच्या पत्र्याच्या बदकाभोवती येऊन बसले.

"हळदीकुंकू!" तुम्ही कुजबुजलात. चोचीच्या टोकाला पिवळं आणि कपाळाशी लाल ठिपके, म्हणून तुमच्या गावाकडं त्यांना हळदीकुंकवाचं बदक म्हणत. एक मादी तर त्या प्लॅस्टिकच्या बदकाभोवती गोल फिरून बघून आली, जणू विचारत होती, पाहुणा काहून बोलंना झालाय? तुमच्या डोळ्यांत पाणी होतं, खोटं नाही सांगत. तुम्ही माझा हात इतका घट्ट धरलात की बांगडी रुतली. "आली गं! माझ्या पत्र्याला पाखरू समजून आली!" ख्वाजाभाई म्हणाले, "अन्ना, तुम तो जादूगर निकले!" तुम्हाला इतकं खूश मी नंतर फार कमी वेळा बघितलं.

मग आला तो हंस.

आता आठवून हसावं की रडावं कळत नाही. मी इंटरच्या पहिल्या वर्षाला, म्हणजे अकरावीला. बुद्धपौर्णिमेला विहारात देखावा करायचा होता, राजपुत्र सिद्धार्थ आणि बाणानं घायाळ झालेला हंस. हंस कुठून आणायचा? सगळ्या माना तुमच्याकडं वळल्या. अण्णा पक्षी बनवतात! तुम्ही एक खराब निघालेलं बदक सेठकडून मागून आणलंत, पांढऱ्या रंगात बुडवलंत, थर्माकोलची लांब मान लावलीत. सिद्धार्थ व्हायला कुणी पोरगं तयार होईना, म्हणून मलाच पिवळं उपरणं गुंडाळून उभं केलं. पडदा सरकला, तुम्ही मागून बटण दाबलंत आणि घायाळ हंसाचे पंख टेबलफॅनसारखे सुटले! बाण उडून पहिल्या रांगेत शांतामावशींच्या मांडीवर. सगळा हॉल हसून लोटपोट. तुम्ही धावत आलात, जुन्या पंख्याचं रेग्युलेटर मध्ये जोडलंत, मग कुठं तो हंस मरायला टेकल्यासारखा हळूहळू पंख हलवायला लागला. मी त्याला छातीशी धरून म्हटलं, "मारणाऱ्यापेक्षा वाचवणाऱ्याचा हक्क मोठा." बायकांनी डोळे पुसले. भन्तेजींनी तुमच्या खांद्यावर हात ठेवला.

शिकाऱ्याचं बदक घेऊन आपण शिकारीपासून वाचलेला हंस केला होता अण्णा! आणि अख्ख्या हॉलमध्ये एकालाही ते माहीत नव्हतं.

मला कळलं ते पुढच्या वर्षी, फोनवर. मैत्रिणींना तुमचं बदक दाखवायचं होतं म्हणून शोधत होते. एक व्हिडिओ उघडला. पाणकणसांत चिखलाच्या रंगाचे कपडे घातलेला एक माणूस. समोर पाण्यात बदक, पंख गरगर फिरताहेत. वरून थवा आला, वळला, पंख ताठ झाले, पाय खाली आले. आपल्या तळ्यावर झालं होतं अगदी तसंच. आणि मग बंदुकीचे आवाज. कॅमेरा बदकाच्या जवळ गेला आणि मला पंखाचा कोपरा दिसला. तांदळाएवढा, आत दुमडलेला. तुमची घडी.

मी फोन पालथा ठेवला अण्णा. आपल्या देशात शिकारीला बंदी आहे, पण तिकडं लोक हौसेनं करतात आणि त्यासाठी लागणारी फसवणूक आपल्या बालानगरात तयार होते. मला वाटलं, हे तुम्हाला माहीत असणारच. इतकी वर्षं तिथं काम करणाऱ्या माणसाला माहीत नसेल होय? म्हणजे तुम्ही आम्हाला फसवलंत. मला ते बदक छातीशी धरायला लावलंत. आठ दिवस मी मनातल्या मनात धुमसत होते. घरात तुमच्याशी एक शब्द बोलले नाही. तुम्ही दोनदा विचारलंत, "बरं नाही का गं?" मी म्हटलं, "परीक्षा आहे."

आणि रविवारी, वंदना झाल्यावर, शांतामावशी म्हणाल्या, "औंदाबी हंसच करू. लई छान झालता." तुम्ही हसत उभे राहिलात. मान जरा बारीक करतो म्हणालात. आणि मी उठले. उचलली जीभ लावली टाळ्याला!

"तो हंस नाही, सापळा आहे," मी म्हटलं. "त्याला बघून खरी बदकं खाली उतरतात आणि शिकारी त्यांना गोळ्या घालतात. माझे वडील रोज तेच बनवतात, आणि रविवारी इथं येऊन सगळ्यांच्या आधी पाणातिपाता म्हणतात. प्राण्याची हिंसा करणार नाही म्हणे!"

तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि विचारलंत, "खरं का गं?"

मी काय म्हटलं आठवतं? "तुम्हाला माहीतच नाही होय!" वर हसले सुद्धा. नाकानं कांदे सोलायची हौस मोठी होती मला. तुम्ही खाली बसलात. घरी जाताना बसस्टॉपवर म्हणालात, "दाखव बरं." मी व्हिडिओ लावून फोन तुमच्या हातात दिला. तुम्ही शेवटपर्यंत बघितलात, फोन परत दिलात आणि म्हणालात, "पंख आपलाच हाय." बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी डबा घेऊन बालानगरच्या बसमध्ये चढलात, रोजच्यासारखे.

तेव्हाच मी तुम्हाला मनातून उतरवलं. आज लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे. वरवर सगळं तसंच होतं. तुम्ही माझी फी भरत होतात, मी कॉलेजला जात होते, आई पाहुण्यांना खेळण्यांची कंपनी सांगत होती. पण मनात मी म्हणायचे, माझा बाप ढोंगी आहे. चार वर्षं म्हटलं.

मग माझा निकाल लागला त्या आठवड्यात तुम्ही कंपनी सोडलीत. मला वाटलं, वयामुळं. सुलतान बाजारच्या गल्लीत एका दुकानात मिक्सर आणि पंखे दुरुस्त करायला बसलात. मी एकदा तिथं येऊन काय बोलले, "चांगली नोकरी सोडून गल्लीत पंखे चोळत बसलात, काय मिळवलंत अण्णा?" तुम्ही स्क्रू कसता कसता म्हणालात, "हे पंखे वारा देतात." मी रिक्षावाल्याशी भांडायला वळले.

त्या हिवाळ्यात तुम्ही मला तळ्यावर घेऊन गेलात. हातात काही नाही, नुसती पाण्याची बाटली. बाभळीखाली बसलो, मी फोनमध्ये. हळदीकुंकवाचा एक थवा आला आणि पाण्यावर उतरला. तुम्ही मला कोपरानं ढोसलंत, "बघ, आपोआप उतरायलेत." मी वर न बघता म्हटलं, "हं." तुम्हाला तेव्हा काय सांगायचं होतं, ते मला आता कळतंय. तोंडानं सांगितलं असतंत तर काय बिघडलं असतं?

मागच्या आठवड्यात शांतामावशी भाषणाचं ठरवून निघाल्या आणि दारात थबकल्या. म्हणाल्या, "तुझ्या अण्णांचं एक सांगू? तू हॉलमध्ये बोललीस ना, त्याच्या पुढल्या रविवारपासनं ते पहिलं शील म्हणंनासे झाले. आम्ही सगळे पाणातिपाता म्हणायचो, ते हात जोडून गप. दुसऱ्या शीलापासनं आवाज यायचा. मी कडेलाच बसायची, मला कळायचं. एकदा इचारलं, अण्णा, काहून म्हणत नाहीत? तर म्हणले, मावशी, पहिलं रोज मोडायलोय. मग ते मोठ्यानं म्हणून चौथं कशाला मोडू?"

चौथं म्हणजे मुसावादा. खोटं बोलणार नाही.

चार वर्षं! मी तिथंच, बायकांच्या बाजूला बसलेली असायचे. तुम्हाला ढोंगी म्हणत. आणि त्या अख्ख्या हॉलमध्ये खोटं न बोलणारा एकच माणूस होता.

"आन कंपनी सोडली त्या रविवारी," मावशी म्हणाल्या, "एवढ्या मोठ्यानं म्हणले की भन्तेजी डोळे उघडून बघायला लागले." त्या रविवारी मी कुठं होते माहीत आहे? निकालाची बिर्याणी खायला मैत्रिणींबरोबर गेले होते. तुम्ही सकाळी विचारलं होतंत, "येतीस का विहारात? आज ये." मी म्हटलं, "पुढच्या वेळी."

दुसऱ्याच दिवशी मी ख्वाजाभाईंच्या घरी गेले. खूप थकलेत ते. मी विचारलं, "चाचा, अण्णांना आधीपासून माहीत होतं का?" ते माझ्यावरच चिडले. "क्या बाता करती अम्मा! अन्ना कू क्या, मेरे कू भी नई मालूम था. उनकू उसीच दिन मालूम पडा, जब तुम सब के सामने बोले." मग सांगितलं की सोमवारी सकाळी तुम्ही थेट सेठकडं गेलात, आपली बदकं पाखरं मारायला वापरतात का म्हणून विचारलंत. सेठ म्हणाला, तिकडचा कायदा आहे, तिकडची हौस आहे, आपलं काम पंखापुरतं. तुम्ही म्हणालात, "मेरी बेटी का कोर्स होने तक करता. बाद में नई." सेठला वाटलं, रागात बोलताहेत, विसरतील. ख्वाजाभाई म्हणाले, तुम्ही चार वर्षं पंख तसाच नीट केलात, कामात कधी कसूर केली नाहीत, पण बदक चालवून बघायचं काम मात्र हातात घेतलं नाहीत. ते दुसऱ्याला द्यायचात आणि पाठ करून उभे राहायचात.

म्हणजे तुम्ही "खरं का गं?" विचारलंत ते खरंच विचारलं होतंत! आणि तुमच्या जन्माचं काम कशासाठी आहे हे तुम्हाला चारचौघांत, स्वतःच्या पोरीच्या तोंडून, तिच्या कुत्सित हसण्यासकट कळलं. मी आठ दिवस घरात तुमच्या शेजारी जेवत होते. एकदा, फक्त एकदा विचारलं असतं, अण्णा, हे काय आहे?

रागावू का आता तुमच्यावर थोडं? एवढे मूग गिळून का बसलात? एक थोबाडीत दिली असतीत तरी चाललं असतं. पण काल बसमध्ये विचार करत होते, तुम्ही तेव्हा म्हणाला असतात की तुझ्या शिक्षणासाठी करतोय, तर मी काय केलं असतं? दुसऱ्या दिवशी कॉलेज सोडलं असतं आणि विहारात येऊन त्याचंही भाषण ठोकलं असतं! एवढी आगाऊ होते मी. तुम्हाला तुमची पोरगी पुरती माहीत होती. म्हणून तिनं ढोंगी समजलं तर समजू दे म्हणालात, पण शिकू दे.

अण्णा, उपकार हा शब्द बापाला म्हणू नये म्हणतात. मग काय म्हणू? लॅबमध्ये कुणाची काविळीची, कुणाची साखरेची नळी हातात येते, मी नीट तपासते, लोक बरे होतात. त्या प्रत्येक नळीपर्यंत मला तुम्ही आणलंत, आणि त्यासाठी पाच वचनांतलं एक, तुमचं सगळ्यात लाडकं, चार वर्षं तोंडातून काढलं नाहीत. ती बदकं मेली, हेही खरंच आहे. तुमची बाजू घेताना मी त्यांना झाकून ठेवणार नाही. तुम्ही तरी कुठं झाकून ठेवलंत?

आज सकाळी आईला सांगितलं, मी खेळणी म्हणणार नाही. ती भडकली. "मेलेल्या माणसाची अब्रू काढतीस का भर सभेत? एकदा काढलीस ती पुरे झाली नाही?" मी तिला शांतामावशींनी सांगितलेलं सांगितलं. तिनं भाजीचं ताट बाजूला सारलं. म्हणाली, "मला वाटायचं, त्यांचा घसा बसतोय रविवारी. मी हळदीचं दूध देत होते." मग डोळे पुसून म्हणाली, "मी पण उभी राहते तुझ्याशेजारी. खेळणी मी म्हणत होते, ते कधीच म्हणाले नव्हते."

तर अण्णा, ठरलंय असं. आधी तुम्ही काय बनवत होतात ते सांगायचं, जसं आहे तसं. मग तुम्हाला ते कधी कळलं, कुणाकडून कळलं, आणि कळल्यावर तुम्ही काय केलंत. मग त्या हॉलची माफी मागायची, कारण त्यांना मी अर्धंच खरं सांगितलं होतं. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत.

पण त्याआधी एक शब्द देते. यापुढं कुणाबद्दलही चारचौघांत तोंड उघडायच्या आधी मी त्या माणसाला एकट्याला गाठून विचारीन. सुरुवात तुमच्यापासून करते. उशीर झालाय, माहीत आहे.

अण्णा, रविवारी बोलू का?

तुमची,
सुजे